साळुंखे साहेबांचा भागाकार

साळुंखे साहेबांशी माझं पहिलं बोलणं झालं ते भांडणच होतं, आणि ते पेढ्यावरून झालं.

मी साताऱ्याच्या ऑफिसात नुकतीच रुजू झाले होते. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतले धंदे मोजायचे, हे आमच्या ऑफिसचं काम. कुठल्या गावात काय चालतं, किती माणसं ते करतात, एखादा धंदा सगळीकडे विखुरलाय की एकाच जागी दाटीनं बसलाय, हे शोधायचं. कोणी विचारलं तर मी सांगायची, "दुकानं मोजते." माझ्या सासूबाई पाहुण्यांना सांगायच्या, "तिचं मोजलेलं थेट मंत्रालयाला जातं." दोन्ही खरं होतं.

पहिल्या दिवशी साहेबांनी मला समोर बसवलं आणि विचारलं, "निकम मॅडम, साताऱ्यात कशाची दाटी आहे?"

मी जन्मानं सातारची. विचार कशाला करायचा? म्हटलं, "कंदी पेढ्याची! पेढ्याची दुकानं किती आहेत बघा की."

"कशापैकी?"

"म्हणजे?"

"एकूण किती दुकानांपैकी?"

"ते कुणाला माहीत असणार, साहेब?"

"मग 'किती आहेत' हे तुम्हाला कसं माहीत?" असं म्हणून त्यांनी ड्रॉवरमधून एक वही काढली, माझ्यापुढे सरकवली आणि ते डबा खायला गेले.

तीन दिवस मी उन्हात स्टँडपासून राजवाड्यापर्यंत दोन्ही बाजूंची दुकानं मोजत फिरले. ओळखीचे लोक विचारत होते, "काय गं, काय हरवलंय का?" पेढे, चपला, झेरॉक्स, औषधं, मोबाईलच्या काचा बदलून देणारे, सगळं वहीत उतरवलं. चौथ्या दिवशी साहेबांनी वही उलटीसुलटी बघितली आणि म्हणाले, "जिथं बाहेरगावची गाडी थांबते तिथं पेढा आहे. आतल्या गल्ल्यांत नाही. पेढा साताऱ्याचा आहे, पण सातारकर तो खात नाही, पाठवतो. काचा मात्र सगळीकडे फुटतात."

मला इतका राग आला होता की घरी येऊन मी पावशेर पेढे एकटीनं खाल्ले.

साहेब उंच, काटक. शर्ट अर्ध्या बाह्यांचा, खिशात दोन पेनं, एक चालणारं आणि एक बंद पडलेलं. बंद पडलेलं का ठेवता विचारलं तर म्हणायचे, "ते मागणाऱ्यासाठी." बायको बऱ्याच वर्षांपूर्वी गेलेली, मुलगी पुण्यात. गोडोलीत फ्लॅट, सकाळी स्वतः भाकरी करून डबा आणायचे. मूळचे ते विट्याच्या पुढच्या कोरड्या माळावरच्या एका गावचे. गावाचं नाव मी सांगत नाही, कारण तिथले लोक मला फोन करतील.

या माणसाच्या तोंडून मी कधी 'लय' ऐकलं नाही. आमच्याकडे 'लय' म्हटल्याशिवाय माणसाचा चहा खाली उतरत नाही. लय ऊन, लय गर्दी, लय भारी. साहेबांसमोर कुणी 'लय' म्हटलं की ते बोलायचे थांबायचे आणि त्या माणसाकडे बघत राहायचे. समोरचा आपसूक म्हणायचा, "म्हंजे, दहा-बारा असतील." मग साहेब पुढे बोलायचे.

त्यांचा सगळा संसार एका भागाकारावर उभा होता. तो त्यांनी मला चहाच्या टपरीवर समजावला. "ह्या गावातल्या शंभर धंद्यांत चहाचे दहा. जिल्ह्यातल्या शंभरांत चहाचे किती? तेही दहाच. दहा भागिले दहा, आला एक. एक आला की गप्प बसायचं, गाव जगासारखंच आहे. तीन आला, चार आला, तर समजायचं की इथं काहीतरी आहे. पाणी आहे, रस्ता आहे, नाहीतर कुणाचा तरी आजा हट्टी होता."

हा भागाकार ते ऑफिसातच ठेवून घरी गेले असते तर कुणाची तक्रार नव्हती. पण आमच्या मोहिते क्लार्कच्या मुलीचं लग्न ठरलं. मोहिते पेढे वाटत सांगत होते, "मुलाच्या घराण्यात डॉक्टर लय आहेत." साहेबांनी पेढा हातात घेतला आणि विचारलं, "कशापैकी?" मोहित्यांनी बिचाऱ्यांनी नावं घेऊन सांगायला सुरुवात केली. चुलते धरून, आते धरून एकतीस माणसं आणि डॉक्टर दोन, त्यांतला एक जनावरांचा. मोहिते चार दिवस गप्प होते. लग्न झालं, छान झालं, पण साहेबांना जेवणाच्या पंक्तीत शेवटच्या टेबलावर बसवलं. तिथून त्यांना अख्खा मांडव दिसत होता, त्यामुळे ते खूश होते.

तरी हाच माणूस स्वतःच्या भागाकारावर आंधळा विश्वास ठेवायचा नाही. पाटणच्या वर डोंगरात एक वाडी आहे. तिथं एकूण धंदे चार: किराणा, गिरणी, न्हावी आणि एक छत्र्या दुरुस्त करणारा. चारांत एक छत्रीवाला, आणि बाकी जिल्ह्यात छत्रीवाले हजारांत एखादा. भागाकार एवढा मोठा आला की वरच्या ऑफिसातून फोन आला, "छत्री उद्योगाचं केंद्र सापडलं म्हणे? पाहणीला माणसं पाठवू का?"

साहेब फोनवर शांतपणे म्हणाले, "पाठवा. पण गुरुवारी नको. त्या केंद्राचं नाव गणपा आहे, आणि तो गुरुवारी सासुरवाडीला जातो."

फोन ठेवून त्यांनी मला सांगितलं, "पाया लहान असला की भागाकार माजतो. अशा ठिकाणी शेरा मारायचा: पाया लहान, विश्वास ठेवू नये." तो शेरा मी त्यांच्या हाताखाली इतक्या वेळा लिहिला की एकदा किराणाच्या यादीवरही लिहून बसले.

दुसरी एक सवय होती त्यांची. घराच्या पुढच्या दारानं आत जायचे आणि लगेच मागच्या दारानं बाहेर पडायचे. "धंदा पुढच्या दाराला बोर्ड लावून बसतो आणि मागच्या दाराला काम करतो." म्हसवडला आम्ही घोंगडी विणणारे मोजत होतो. एका घरात पुढं मोबाईल रिचार्जचं दुकान. मी तेवढंच लिहून निघाले होते. साहेब मागं गेले. मागं खड्ड्यात पाय सोडून एक म्हातारा मागावर बसलेला, आणि शेजारी त्याची म्हातारी चातीवर लोकर कातत होती.

"बाबा, कामाला किती माणसं?"

"मी येकटाच."

"आणि ह्या?"

म्हातारीच हात न थांबवता म्हणाली, "मी काय न्हाय करत बाबा. ह्येच करत्यात."

साहेब माझ्याकडे वळले. "कामगार दोन. एक बिनपगारी." मग मागच्या परसात उभं राहून मला म्हणाले, "मॅडम, दोन्ही जिल्ह्यांतलं अर्धं काम 'मी काय करत नाही' म्हणणाऱ्या बायका करतात. आपण त्यांना मोजलं नाही, तर आपला प्रत्येक आकडा अर्धा आहे."

मी त्या दिवशी त्यांना पेढ्यांबद्दल माफ केलं.

आमच्या मोबाईलवरच्या फॉर्ममध्ये शेवटचा प्रश्न असतो: धंद्याचं स्वरूप. कायम, हंगामी की प्रासंगिक. लोक छाती पुढे काढून सांगतात, "कायम!" साहेबांचं बोट तिथं अडायचं. "कायम कशावरून? पोरगं दुकानात बसणार आहे का? जागा स्वतःची का?" असे चार प्रश्न विचारल्याशिवाय त्यांनी कुणाला 'कायम' दिलं नाही. तीस वर्षं चाललेल्या एका सायकलवाल्याला त्यांनी 'हंगामी' लिहिलं होतं. पुढच्या मोजणीला तिथं मोमोजची गाडी होती.

आता त्यांच्या गावाची गोष्ट सांगते. खरं तर तीच सांगायला बसले होते.

त्या भागातली माणसं पिढ्यान् पिढ्या गलाईच्या धंद्यात आहेत. मोडीचे दागिने आणि सोनाराच्या दुकानातला केर भट्टीवर मुशीत वितळवायचा, त्यातलं शुद्ध सोनं वेगळं करायचं, ही गलाई. माळावर पाणी नाही, म्हणून माणसं बाहेर पडली. आज केरळात जा, बंगालात जा, पंजाबात जा, सराफकट्ट्याच्या मागच्या बोळात भट्टीवर बसलेला माणूस मराठीत शिवी देतो. गावात मात्र मोठमोठे बंगले, त्यांना मोठमोठी कुलपं, आणि ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्या. जत्रेचे चार दिवस सोडले तर गाव ऐकू येत नाही.

साहेबांचे थोरले भाऊ असेच बाहेर गेले होते, कोइमतूरला, आणि तिकडंच वारले. आईबाप लहानपणीच गेल्यामुळं साहेबांना वाढवलं ते वहिनींनी. वहिनी आता सत्तरीच्या. दोन मुलं बापाच्या धंद्यात, तिकडंच. धाकटा संजय अजून बिनलग्नाचा, आणि वहिनींचा सगळा जीव त्याच्यात. रोज फोनवर त्यांचा एकच प्रश्न: "कवा येतोयस?" तो म्हणायचा, "जत्रंला."

त्या वर्षी सरकारची एक योजना आली. ज्या गावात एखादा धंदा दाटीनं आहे, तिथं त्या धंद्याचं सामाईक केंद्र उभं करायचं. यंत्रं, कस तपासायची सोय, शिकवायला माणूस, सगळं सरकारचं. अट एकच: आमचा भागाकार ठरलेल्या आकड्याच्या वर हवा. गावानं अर्ज केला. संजयनं आईला शब्द दिला, केंद्र झालं तर मी भट्टी हितंच घालतो. वहिनींनी त्याच दिवशी माडीवरची खोली झाडून घेतली.

साहेबांनी वर पत्र पाठवलं: हे माझं गाव आहे, मोजणीला दुसरा माणूस द्यावा. उत्तर आलं: मनुष्यबळ नाही, आपणच जावे. मग ते मला म्हणाले, "मॅडम, आकडा तुम्ही भरायचा. मी नुसता शेजारी उभा राहणार." आणि खरंच, दिवसभर ते माझ्याशेजारी देवळातल्या खांबासारखे उभे राहिले.

आम्ही घरोघर फिरलो. मागच्या दारानंही फिरलो. गावात धंदे नऊ निघाले. किराणा दोन, गिरणी, दूध डेअरी, शिंपी, असं किरकोळ. गलाई एकही नाही.

सरपंच हसायलाच लागले. "आवं मॅडम, लिवा की चाळीस! खोटं कुठं हाय? माझं दुकान मदुरैला हाय. ह्या घरातली तिघं केरळात. त्यो समोरचा बंगला दिसतोय न्हवं, त्यो कलकत्त्याच्या भट्टीवर उभा राहिलाय. हणमंता, सांग की रं तुझ्या मॅडमला!"

हणमंता म्हणजे आमचे साहेब. ते लिंबाच्या झाडाकडं बघत म्हणाले, "धंदा जिथं चालतो तिथं मोजतात. धंदेवाला जिथला, तिथं नाही. तुझं दुकान मदुरैवाल्यांनी मोजलंय."

"मग आमच्या गावात काय हाय?"

"कुलपं."

मी शून्य भरलं. बोट नको म्हणत होतं, पण भरलं. गलाईचं माहेर म्हणून अख्ख्या देशात ज्या गावाला ओळखतात, तिथं गलाई शून्य. आणि नियमानं पाहिलं तर ते अगदी बरोबर होतं.

गाव गप्प बसणारं नव्हतं. त्यांनी फेरमोजणी मागितली. नियमात फेरमोजणी आहे, आणि तारीख गावानं सुचवायची असते. गावानं जत्रेचा दुसरा दिवस सुचवला. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. साहेबांना वाटलं असावं, कारण त्या दिवशी जीपमध्ये त्यांनी डबा उघडला नाही.

गावात शिरलो आणि मी डोळे चोळले. रस्त्याच्या दोन्ही अंगांना परराज्यांच्या नंबराच्या गाड्या, आणि प्रत्येक बंगल्यासमोर एक भट्टी पेटलेली. गावकऱ्यांनी नियम नीट समजून घेतला होता. धंदा जिथं चालतो तिथं मोजतात ना? मग धंदाच घेऊन आलो. डिकीत घालून भट्ट्या आणल्या होत्या, मुशी आणल्या होत्या, ब्लोअर आणले होते. जत्रेचे नवे शर्ट घातलेले बाप्ये घामाघूम होऊन कोळसा फुंकत होते. सरपंचांनी हात जोडले. "मोजा आता. अडतीस हायत."

साहेब पहिल्या भट्टीपाशी गेले. "काय गाळताय?"

तिथं जरा घोटाळा झाला. भट्ट्या आणल्या होत्या, पण गाळायला गावात सोनं कुठून आणायचं हे कुणी ठरवलं नव्हतं. मग ज्यानं त्यानं घरातलं जमेल ते मुशीत टाकलं होतं. कुणी स्वतःची अंगठी, कुणी बायकोची जोडवी. एकानं कुस्तीत मिळालेलं चांदीचं कडं टाकलं होतं, आणि ते चांदीचं नव्हतं हे त्याला त्या दिवशी कळलं होतं. तो फार खिन्न होता.

मी फॉर्म उघडला. धंद्याच्या नावानंतरचा प्रश्न: गेल्या वर्षभरात धंदा किती दिवस चालला? तीसपेक्षा कमी असला तर फॉर्म पुढं सरकत नाही.

"किती दिवस चालू आहे?" मी पहिल्याला विचारलं.

"सकाळपस्नं," तो अभिमानानं म्हणाला.

दुसरा म्हणाला, "आमची ह्येच्या आधी पेटली."

देवाशप्पथ सांगते, अडतीस घरांतल्या एकालाही खोटं बोलायचं सुचलं नाही. एवढा खटाटोप केला, हजार-हजार मैलांवरून लोखंड वाहून आणलं, पण 'तीस दिवस' म्हणावं हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. सरपंच मागं उभे राहून खुणा करत होते, पण त्यांना स्वतःलाही नियम माहीत नव्हता, त्यामुळं खुणांचा अर्थ कुणालाच लागत नव्हता. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं.

शेवटचं घर वहिनींचं. संजय भट्टीवर वाकलेला, चाळिशीकडं झुकलेला अबोल गडी. वहिनी पदर खोचून हातानं भाता फिरवत होत्या, कारण त्यांचा ब्लोअर वाटेत बिघडला होता. मुशीत हरभऱ्याएवढा पिवळा थेंब थरथरत होता.

"काय गाळताय?" साहेबांनी विचारलं.

संजयनं चिमट्यानं मूस सरळ केली. वहिनी म्हणाल्या, "माझ्या डोरल्याच्या वाट्या. ह्येंच्या मागं डब्यातच पडल्या हुत्या, भावजी. म्हटलं, कामाला येतील."

मी फॉर्म उघडला, पण मला विचारवेना. वहिनींनीच साहेबांकडं बघितलं. बाकीच्या घरांत काय झालं ते त्यांनी ओट्यावरून ऐकलं होतं. गावात त्या एकट्यांनाच कळलं होतं की ह्या प्रश्नात काहीतरी आहे.

"भावजी," त्या हळूच म्हणाल्या, "किती दिस सांगू?"

भाता थांबला होता. मी मनातल्या मनात साहेबांना म्हणत होते, सांगा, तीस सांगा, मी लिहिते. तपासायला कोण येतंय इथं?

साहेब म्हणाले, "जेवढे झालेत तेवढे, वहिनी."

"आजचाच की."

"मग एक."

वहिनींनी मान हलवली आणि परत भाता फिरवायला लागल्या, कारण मुशीतलं सोनं निवत चाललं होतं. मी शून्य भरलं.

परतताना मी जीपमध्ये बोलले, अगदी तोंड सोडून. "तुमच्या आईच्या जागी त्या. एक शब्द सांगितला असता तर काय बिघडलं असतं? त्यांनी तीस म्हटलं असतं तर नियमानं तीसच लिहायचे होते. आपल्याला तपासायचा अधिकारच नाही."

"हो. तिनं तीस म्हटलं असतं तर तीस."

"मग?"

"विचारणाऱ्यानं उत्तर सांगायचं नसतं, मॅडम."

त्यानंतर रहिमतपूर येईपर्यंत ते खिशातलं बंद पेन काढून त्याचं टोपण उघडत आणि लावत राहिले. मला त्यांचा राग आला होता. खोटं कशाला बोलू, अजून थोडा आहे.

केंद्र दुसऱ्या कुठल्या तरी गावाला गेलं. संजय जत्रा संपल्यावर भट्टी डिकीत घालून कोइमतूरला परत गेला.

पुढच्याच वर्षी साहेब निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात मोहिते भाषण करायला उठले आणि म्हणाले, "साहेबांनी लय काम केलं." आम्ही सगळे साहेबांकडे बघायला लागलो. मोहिते स्वतःच थांबले, आता विचारणार म्हणून. साहेब समोरच्या नारळाकडं बघत होते. त्यांनी काहीच विचारलं नाही. त्यांच्या आत काहीतरी मोडलंय, हे मला तेव्हा कळलं.

नंतर दोन-तीनदा फोन केला, लागला नाही. गोडोलीच्या फ्लॅटला कुलूप होतं. शेजारच्या बाई म्हणाल्या, "पुण्याला लेकीकडं गेले असतील." मला वाटलं, असतील.

पुढची मोजणी लागली तेव्हा ते गाव माझ्याच यादीत आलं. मी जत्रा नसलेला, साधा मंगळवार बघून गेले. किराणा दोन, गिरणी, डेअरी, शिंपी. नऊच्या नऊ जागच्या जागी. कुलपंही जागच्या जागी. वहिनींच्या घरापाशी आले तर पुढचं दार लोटलेलं, आत कुणी नाही. निघणार होते. मग माझी मलाच लाज वाटली आणि मी मागच्या दारानं गेले.

मागच्या परसात पत्र्याच्या छपराखाली भट्टी पेटलेली होती. भट्टीवर साळुंखे साहेब बसले होते. अंगात बनियन, भुवया जळून अर्ध्या झालेल्या, हातात चिमटा. वहिनी पलीकडं भाता फिरवत होत्या.

"या मॅडम," साहेब मान वर न करता म्हणाले. "मागून आलात, बरं केलंत. फॉर्म काढा."

मी फॉर्म काढला.

"धंदा?"

"गलाई. विट्याच्या सोनारांकडचा केर आणतो. संजयनं फोनवर शिकवलं, व्हिडिओ करून. चार मुशी फुटल्या."

"वर्षात किती दिवस?"

त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं चिमटा दाखवला. रोजच्या चौकटीत एकेक फुली. "दोनशे बारा. मोजून घ्या." मी मोजून घेतले. न मोजता लिहिलेलं त्यांना चाललं नसतं.

"कामगार?"

"दोन."

"मी काय न्हाय करत बाई," वहिनी भाता फिरवत म्हणाल्या.

"दोन," साहेब म्हणाले. "एक बिनपगारी. खरं तर दोन्ही."

गावात आता धंदे दहा, त्यांत गलाई एक. मी मनात हिशेब घातला, परत एकदा घातला. दहात एक म्हणजे जिल्ह्याच्या मानानं केवढा तरी भागाकार. योजनेच्या आकड्याच्या कितीतरी वर. "साहेब, हे तर..."

"पाया लहान," ते म्हणाले. "शेरा मारा. विश्वास ठेवू नये."

मी मारला. त्यांनी मोबाईल मागून घेतला, चष्मा लावून वाचला आणि परत दिला.

"मग येतंय का त्ये सेंटर?" वहिनींनी विचारलं.

"नाही, वहिनी. ती मुदत गेली."

"आन् संजू?"

"जत्रंला येईल."

"बरं," त्या म्हणाल्या. त्यांच्या शेजारी कोनाड्यात हळदीकुंकवाच्या पंचपाळ्यात ती हरभऱ्याएवढी सोन्याची गोळी ठेवलेली दिसत होती.

मला राहवेना. "साहेब, मग हे कशासाठी केलंत? केंद्र येणार नाही, आकडा तुम्हीच खोडताय."

त्यांनी मूस हलवून बघितली. "शून्य बरोबर होतं, मॅडम. मोजणीत काही चूक नव्हती. पण रोज रात्री वहिनी संजयसाठी माडीवरची तीच खोली झाडते, आणि मी गोडोलीत बसून बरोबर आहे." एवढंच बोलून त्यांनी चिमट्यानं निखारे सारखे केले. मग म्हणाले, "शेवटचा प्रश्न राहिला."

तो मला विचारायचा नव्हता. पण विचारणाऱ्यानं प्रश्न गाळायचाही नसतो, हे त्यांनीच शिकवलेलं.

"धंद्याचं स्वरूप. कायम, हंगामी की प्रासंगिक?"

प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देणारा हा माणूस. त्या दिवशी त्यांनी वेळ लावला. पलीकडं भाता थांबला होता. वहिनी आमच्याकडं बघत नव्हत्या, पण हात दांड्यावर तसाच ठेवून त्या ऐकत होत्या.

"कायम लिहा," साहेब म्हणाले.

मी त्यांना चार प्रश्न विचारायला हवे होते. नियम त्यांचाच. विचारले नाहीत. 'कायम'वर बोट ठेवलं, आणि पलीकडं भाता पुन्हा फिरायला लागला.